आमच्या साइटवर कुणी पडत नाही

रस्त्याच्या कामावर दोन गोष्टी फुकट साचतात. एक धूळ आणि दुसरी किस्से. धूळ संध्याकाळी तोंड धुतलं की जाते. किस्से मात्र जात नाहीत, आणि जेवताना कुणीतरी विषय काढला की एकातून दुसरा निघत राहतो. माझ्या नणंदेला वाटतं, मी दिवसभर उन्हात उभी राहून बाप्यांवर ओरडते आणि त्याचा मला पगार मिळतो. तसं तिचं फार चुकलेलं नाही.

मी सेफ्टी सुपरवायझर. माहेर चोपड्याचं, सासर जळगावचं. रस्ता रुंद करायच्या कामाचा एक कॅम्प नशिराबादजवळ आहे, तिथे माझी ड्यूटी. हेल्मेट घाला, बूट घाला, मशीनच्या मागे उभे राहू नका, हे दिवसभरात इतक्यांदा म्हणते की घरी फोडणी टाकतानासुद्धा नवऱ्याला म्हणते, मागे उभा राहू नकोस. तो बिचारा लगेच बाजूला होतो.

लोकांना वाटतं, अशा कामावर अपघात म्हणजे मशीन अंगावर येणार. मी पाहिलेत ते बरेचसे अपघात मशीन बंद असताना झालेत. माणूस दिवसभर मजेत वर बसतो, संध्याकाळी किल्ली काढतो, आणि खाली येताना पाय घसरून आपटतो. या पडण्याची मला धास्ती आहे, आणि तिला कारण आहे. माझे वडील, आबा, धरणाच्या कामावर डोझर चालवायचे. एकदा वरून पडले, कुणाला बोलले नाहीत, घरी येऊन विटेचा शेक घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले. आज ते डावा पाय ओढत चालतात. त्या वेळी कुणी नीट विचारलं असतं तर, असं मला अजून वाटतं. म्हणून मी विचारते.

पण आमच्या साइटवर विचारून उपयोग नाही. कारण आमच्या साइटवर कुणी पडतच नाही.

*

पहिल्याच दिवशी सगळ्या ऑपरेटर लोकांना सावलीत बसवून मी विचारलं, मशीनवरून कोण कोण पडलंय, हात वर करा. एकही हात वर नाही. मी म्हटलं, अरे वा.

मग नीट पाहिलं. रोलर चालवणारे सलीमभाई नशिराबादचेच, त्यांच्या कोपराला पट्टी. डंपरवाला भिकन, त्याच्या हनुवटीला टाके. आणि सगळ्यात मागे बसलेले नाना, पोकलेनचे ऑपरेटर, साइटवरचे सगळ्यात जुने, त्यांची एक करंगळी कायमची वाकडी. मी एकेकाला विचारत गेले. सलीमभाई म्हणाले, उतरताना लागलं. भिकन म्हणाला, जरा लवकर उतरलो. नाना म्हणाले, रात अंधारी होती, पायरीच्या आधीच उतरलो.

म्हटलं, नाना, याला पडणं म्हणतात.

नाना शिंदखेड्याकडचे. आमच्याशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात, पण मुद्द्याचं बोलायचं झालं की अहिराणीवर येतात आणि फळाला फय म्हणतात.

"अक्का, पडस ते फय," ते म्हणाले. "ऑपरेटर उतरस."

बाकीच्यांनी माना हलवल्या. विषय संपला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणाला, तेव्हापासून मी अख्ख्या साइटची अक्का झाले, तेही तिथेच ठरलं.

पुढे कळलं की ही थट्टा नव्हती. ऑपरेटरची इज्जत त्या एका शब्दात होती. पडला म्हणजे हात गेला, नजर गेली, आता याला घरी पाठवा. नाना तर दिवाळीनंतर काम सोडून गावी जाणार होते, आणि त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. जन्मभर पोकलेनवर बसलो, पण पडलो नाही. गावी जाऊन बायकोला, भावकीला, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना एवढंच सांगायचं होतं.

*

सलीमभाईंचा चहा हा आमच्याकडचा गाजलेला किस्सा.

रोलर हळू चालतो, त्यामुळे सलीमभाईंचं सगळं निवांत. चहा आला की तो वरच घेणार, आणि अर्धा ग्लास हातात घेऊन खाली उतरणार. म्हणजे एक हात चहाला, एक हात विडीला, आणि रोलरला धरायला हात उरतच नाही. मी कितीदा सांगितलं.

एक दिवस मी डांबराच्या प्लांटवर होते आणि फोन आला की सलीमभाई रोलरवरून पडले. धावत गेले. पाहते तर सलीमभाई रोलरच्या चाकाला टेकून मातीत बसलेत. एक चप्पल वर पायरीवर, एक पायात, मनगट सुजलेलं. आणि दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला, वाफ येत असलेला.

मी काही बोलायच्या आत त्यांनी ग्लास पुढे केला.

"चाय देखो ना अक्का. एक थेंब तरी सांडला का? पडला असता माणूस तर चाय राहिली असती?"

पुरावाच समोर होता. मनगटाला क्रेप बँडेज बांधलं, आणि सलीमभाईंनी एका हाताने शांतपणे तो चहा संपवला. पुढे कितीतरी दिवस नवीन माणूस आला की त्याला ही गोष्ट सांगितली जायची.

*

नाही म्हणायला आमच्या साइटवर एक माणूस उघडपणे पडलाय. तो म्हणजे भिकन.

भिकनसाठी नानांनीच स्थळ आणलं होतं, त्यांच्याकडचंच. मुलीच्या वडिलांचं म्हणणं असं की फोटो बघितला, पत्रिका बघितली, आता पोरगा काम कुठे करतो ते बघू. म्हणून एका सकाळी नाना पाहुण्यांना घेऊन साइटवर आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात छत्री.

भिकन त्या वेळी डंपरच्या बंपरवर चढून काच पुसत होता. पाहुण्यांसमोर डंपर चकचकीत दिसावा म्हणून. नवा शर्ट, नवी चप्पल. चप्पल मी बघितली असती तर त्याला वर चढूच दिलं नसतं. पाहुणे अचानक समोर बघून तो गडबडला, मशीनकडे पाठ करून उतरायला गेला, आणि नवी चप्पल पायरीवरून सटकली.

आला तो थेट पाहुण्यांच्या पायाशी. दोन्ही गुडघे टेकलेले, दोन्ही हात जमिनीवर, कपाळ पाहुण्यांच्या जोड्यांपासून वीतभर लांब.

कुणालाच काही सुचेना. नाना मात्र ढिम्म.

"पोऱ्या पाय पडी राहिना," ते पाहुण्यांना म्हणाले.

पाहुण्यांना गहिवरून आलं. त्यांनी खांदे धरून भिकनला उठवलं, आशीर्वाद दिला आणि म्हणाले की हल्लीची पोरं कमरेतून वाकायलाही लाजतात, हा तर पार जमिनीवर आला. लग्न तिथेच ठरलं. गुडघ्यांची सालं निघाली होती, ती लग्नापर्यंत भरली नाहीत, तेव्हा हळदीच्या दिवशी बायकांनी आधी गुडघ्यांना हळद लावली.

मी नंतर भिकनला गाठून म्हटलं, आता तरी कबूल कर, पडलास ना? तो म्हणाला, पडलो ना अक्का, पण पाया पडलो.

*

शेवटी मी ठरवलं, शब्दावरून भांडायचं नाही, उतरणंच सुधारायचं.

नियम साधा आहे. मशीनवरून उतरताना तोंड मशीनकडे, आणि दोन हात, दोन पाय यातले तीन कायम टेकलेले. याचं मोठं पोस्टर मी ऑफिसबाहेर लावलं होतं, त्यावर लोक छान टॉवेल वाळत घालायचे. मशीनकडे तोंड करून उतरणं त्यांच्या जिवावर यायचं. नवशिक्यासारखं दिसतं म्हणे. रुबाबात पाठ करून, जिन्यावरून उतरल्यासारखं यायचं ही त्यांची पद्धत.

एक दिवस सकाळी नाना पोकलेनला हात लावून तो हात कपाळाला लावत होते. हे त्यांचं रोजचं. मी विचारलं, नाना, देवळातून निघताना देवाला पाठ दाखवता का? म्हणाले, नाही, उलट्या पावली येतो. मी म्हटलं, मग हिला का रोज पाठ दाखवता?

नाना विचारात पडले. सलीमभाई मागून म्हणाले, सही बात, दर्ग्यातूनही आपण उलटेच निघतो.

काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून सगळी साइट उलटी उतरायला लागली! जे पोस्टरने झालं नाही ते एका वाक्यात झालं. मी आठवडाभर हवेत होते. घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आणि मग भिकन आपटला. डंपरवरून अगदी नियमाप्रमाणे, तोंड मशीनकडे, एकेक पाय टाकत आला, आणि शेवटच्या पायरीवर उभं राहून त्याने दोन्ही हात सोडले. नमस्कारासाठी. बसला तो दगडावर, माकडहाडावर. लग्न झाल्यापासून त्याचा पाया पडण्यावर भलताच विश्वास बसला होता.

मी तापले. दोन्ही हात कुणी सोडायला सांगितले होते?

"अक्का, देव म्हणून तुम्हीच सांगितलं," तो कण्हत म्हणाला. "देवाला एका हाताने नमस्कार करू का?"

तेव्हापासून नियमात सुधारणा झाली. ती सलीमभाईंनी केली आणि आजही सकाळच्या मीटिंगला तेच म्हणतात. पहले जमीन, बाद में सलाम.

*

मध्यंतरी एक तरुण इंजिनीअर साहेब आले, पुण्याकडचे. मुलगा चांगला, फक्त फोटोची हौस. खंडेनवमीला मशीनची पूजा असते. सगळ्या मशीनना झेंडूचे हार, समोर नारळ फोडलेले. साहेबांना रोलरवर चढून हार घालतानाचा फोटो हवा होता. पण नुकताच तिथे नारळ फोडला होता, त्या पाण्यावरून बूट घसरला आणि साहेब झेंडूच्या ढिगात.

लागलं काही नाही. पण उठून पँट झटकत ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "अरे, पडलो मी!"

सगळे खाली बघायला लागले. भर पंगतीत कुणाचं धोतर सुटावं तसं झालं. मला मात्र इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, बघा, शिकलेला माणूस कसा सरळ सांगतो. साहेब लालेलाल.

नाना हळूच सलीमभाईंना म्हणाले, "साहेब नवा शेतस. शिकतीन."

आणि शिकले. आठवड्याभराने प्लांटच्या शिडीवरून साहेब घसरले, लंगडत माझ्या ऑफिसमध्ये आयोडेक्स मागायला आले. मी विचारलं, काय झालं? इकडे तिकडे बघून म्हणाले, काही नाही मॅडम, जरा लवकर उतरलो.

*

आता नानांचं.

दिवाळी जवळ आलेली. अवकाळी शिंतोडे पडून गेले होते आणि आमच्याकडची काळी माती बुटाला धरली की सोडत नाही. नाना पोकलेनवर चढून ग्रीस देत होते. उतरताना अगदी व्यवस्थित, तोंड मशीनकडे, दोन्ही हात धरलेले. पण बुटाखाली चिखलाचा थर, आणि हाताला ग्रीस. पाय सुटला, पाठोपाठ हात सुटले, आणि नाना पाठीवर खडीत.

आवाज मी लांबून ऐकला. पोचले तेव्हा सगळे गोळा झालेले. नाना डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत पडले होते. चेहरा पांढरा.

"काही नई व्हयनं," ते म्हणाले. "उतरनू."

आमच्याकडे माणूस खाली आला की आधी उचलायचा, पाणी पाजायचं, तळपाय चोळायचे, अशी रीत. सलीमभाईंनी एका काखेत हात घातला होता, भिकन पाय धरत होता. मी ओरडले, उचलू नका. पाठीवर पडलेल्या माणसाला उचललं आणि आत मणका मोडलेला असला, तर तिथेच त्याचे पाय जातात. हे मी त्यांना मीटिंगमध्ये शिकवलं होतं. ते त्यांना पाठही होतं.

पण सलीमभाई मला म्हणाले, अक्का, ते पडलेल्या माणसाचं. नाना तर उतरलो म्हणतात.

आणि मी बघितलं, ते थट्टा करत नव्हते. त्या साइटवर माझ्या सगळ्या नियमांपेक्षा नानांचा शब्द मोठा होता. नाना उतरलो म्हणाले, म्हणजे नाना उतरले. ते मला बाजूला करून त्यांना उचलणार होते, तेही प्रेमाने. मला माझे आबा दिसले, विटेचा शेक घेत बसलेले. मला खूप भीती वाटली.

मी खडीत गुडघे टेकले. नानांना म्हटलं, नाना, उतरला असाल तर हे लोक आत्ता तुम्हाला उचलतील, मी काही करू शकणार नाही. पडला असाल तर कुणाला हात लावू देणार नाही. आता तुम्ही सांगा.

नानांनी डोळे वळवून पोकलेनकडे बघितलं. मान त्यांनी हलवली नाही. मग सलीमभाईंकडे बघितलं.

"सलीम, हात काढ," ते म्हणाले. "मी पडेल शे."

नाना पडलोय म्हणाले, तसा सलीमभाईंनी चटका बसल्यासारखा हात काढला. भिकनने पाय सोडले आणि तो रडायलाच लागला. कुणीतरी जाऊन सलीमभाईंचा चालू राहिलेला रोलर बंद केला.

मग सगळं नियमाप्रमाणे झालं. मान धरून ठेवली, फळीवर घेतलं, अ‍ॅम्ब्युलन्सने जळगावला नेलं. मणक्याला तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, ओढाताण झाली असती तर पाय राहिले नसते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन पोटभर रडले आणि मग तोंड धुऊन आबांना फोन केला. काही सांगितलं नाही, नुसतं जेवलात का विचारलं.

दुसऱ्या दिवशी साइटवर मजाच झाली. सकाळपासून एकेक जण माझ्या ऑफिसच्या दारात. अक्का, मी मागच्या उन्हाळ्यात पडलो होतो, अजून खांदा वर जात नाही. अक्का, मी ग्रेडरवरून पडलो होतो. साहेबसुद्धा येऊन गेले. सगळ्यात शेवटी सलीमभाई आले. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"अक्का, वो चाय," ते म्हणाले. "सांडली होती. तुम्ही यायच्या आधी दुसरी भरून घेतली."

*

नाना बरेच दिवस नुसते पडून होते. आम्ही पाळीपाळीने जायचो. नानी शिंदखेड्याहून येऊन राहिल्या होत्या, त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, यांनी जन्मभर मला सांगितलं की माझं काम खुर्चीवर बसायचं आहे.

मग एक दिवस डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधून नानांना उभं करायला सांगितलं. मी, सलीमभाई आणि भिकन तिघेही नेमके तिथे होतो. नर्स लहानशी मुलगी होती. ती म्हणाली, आजोबा, इकडे तोंड करा, माझा हात धरा.

नाना ऐकेनात. आम्ही दोन्ही बाजूंनी आधार देत होतो, पण त्यांना हवं तसंच त्यांनी केलं. सावकाश, कण्हत, पलंगाकडे तोंड केलं. दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरली. एक पाय खाली सोडला. फरशी चाचपली. टेकला. मग दुसरा. सलीमभाई पुटपुटले, पहले जमीन.

दोन्ही पाय टेकल्यावर नाना तसेच उभे राहिले, पलंगाकडे तोंड करून. मग एक हात दांडीवरच ठेवून दुसरा कपाळाला लावला. भिकनने मान खाली घातली.

नर्स बिचारी घाबरली होती. ती म्हणाली, अहो आजोबा, असं उलटं काय करता, पडाल ना.

नाना वळले नाहीत.

"पडनं व्हयी गयं माय," ते म्हणाले. "आते उतरी राहिनू."